स्लोवर न टिकणाऱ्या मोटारसायकलीच्या मालकास काही सूचना

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आपण मोटारसायकल स्वतःच्या हातांनी सर्व्हिस केली आणि आता ती स्लोवर, म्हणजे मूठ न पिळता इंजिन नुसते चालू असताना, टिकत नाही, सिग्नलला उभी राहताच थरथरते, आचके देते आणि हिरवा दिवा लागण्याच्या नेमक्या क्षणी बंद पडते, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, उघडला, प्लग घासला, एअर फिल्टर धुतला, इंजिनच्या झडपा (व्हॉल्व्ह) उघडणाऱ्या टॅपेटलाही हात लावला, आणि हे सगळे एकाच दुपारी उरकले. त्यामुळे बिघाड यांपैकी कशाने झाला हे आता कोणालाच सांगता येणार नाही, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. एक काम करावे, इंजिन चालवून पाहावे आणि मगच दुसऱ्याला हात घालावा, असे मानणारेही लोक असतात. त्यांच्या गाडीविषयी चारचौघांत बोलण्यासारखे कधी काही घडत नाही.

शनिवारपर्यंत निमूट चालणारी गाडी सोमवारी बिघडली आणि मधल्या रविवारी आपण ती उघडली होती, हा निव्वळ योगायोग समजावा आणि दोष पेट्रोलला द्यावा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून ही सवलत देशभर मिळू लागली आहे, आणि महाराष्ट्रात तर तिचा धागा उसापर्यंत, उसाचा साखर कारखान्यापर्यंत आणि कारखान्याचा निवडणुकीपर्यंत नेता येत असल्याने चर्चा तासभर सहज चालते. त्याच पंपावरचे पेट्रोल भरून शेजाऱ्याची तशीच गाडी ठीक चालते, असे शेजारी म्हणालाच तर त्याला पार्किंगच्या जागेची आठवण करून द्यावी.

एवढ्याने गाडी सुधारली नाही, तर रेसचा स्क्रू पिळावा. थ्रॉटल, म्हणजे मूठ पिळल्यावर उघडणारी हवेची वाट, पूर्ण मिटू न देणे एवढेच या स्क्रूचे काम असते, आणि १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्या स्लोवर मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या आसपास चालाव्यात अशी कंपनीची अपेक्षा असते. आपण अडीच हजारांपर्यंत जावे. मग थरथर जाणवत नाही, कारण इंजिन स्लोवर राहिलेलेच नसते. पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज होईल, मूठ सोडली तरी गाडी पुढे ओढत राहील, उतारावर इंजिनचा आधार मिळणार नाही आणि पेट्रोल जास्त जाईल. पण गाडी सिग्नलला बंद पडत नाही, आणि आपली तक्रार तेवढीच होती.

आता ज्या जागेकडे आपण चुकूनही पाहू नये, ती जागा सांगतो. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक जोड असतो. काही गाड्यांत तो रबरी असून त्यावर क्लॅम्प असतो, काहींत दोन बोल्ट आणि मध्ये एक रबरी कडे, म्हणजे ओ-रिंग, असते. कार्बोरेटर परत बसवताना तो किंचित तिरका राहिला, क्लॅम्प पुरता आवळला गेला नाही किंवा ओ-रिंग खाचेबाहेर चिमटली, तर तिथून इंजिन चोरून हवा खाते. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण पावणेपंधरा पट हवा लागते. स्लोवर थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असल्याने आत जाणारी हवा थोडी आणि जोडापाशी इंजिनची ओढ मात्र जबर असते. त्यामुळे फटीतून शिरणारी वाटीभर हवासुद्धा सगळा हिशेब बिघडवते. मूठ पिळली, की ती हवा एकूण हवेत नगण्य ठरते आणि गाडी रस्त्यावर छान पळते. म्हणूनच ‘पळताना तर मक्खन चालते, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही नाही’ हा निष्कर्ष आपण ठामपणे काढावा. इंजिन चालू ठेवून जोडावर साबणाचे पाणी फवारले आणि आवाज बदलला, तर दोष तिथेच आहे हे दोन मिनिटांत कळते. एवढ्या लवकर काही कळून घेणे अभ्यासू माणसाला शोभत नाही.

त्यापेक्षा कार्बोरेटर पुन्हा उघडावा. स्लोच्या जेटचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याचे, छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते आणि स्लोचे पेट्रोल त्यातूनच येते, तेव्हा त्यात सेफ्टी पिन घालून ते मनासारखे मोठे करावे. पितळ मऊ असल्याने फार जोर लागत नाही. हवेच्या दाबाने जेट साफ करणारे लोक कंपनीच्या मापाला उगाच मान देतात. मिक्स्चरचा स्क्रू काढण्यापूर्वी तो किती फेरे बाहेर होता हे मोजू नये, आणि परत बसवताना तळाशी टेकल्यावरही आणखी अर्धा फेरा आवळावा, म्हणजे त्याच्या टोकावर कायमची खूण उमटते. काही कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू हवा नियंत्रित करतो, काहींत पेट्रोल. त्यामुळे एका गाडीत जो आत पिळल्याने मिश्रण दाट होते, तोच दुसरीत पातळ करतो. आपला कोणता, हे नशिबावर सोडावे.

दोन प्लगची गाडी असेल, उदाहरणार्थ २००३ नंतरची डीटीएस-आय पल्सर, तर एका बाजूची प्लग कॅप लावायची राहून गेली तरी ती सुरू होते, चालते, फक्त स्लोवर कुरकुरते. हे वैशिष्ट्य आपल्यासारख्यांसाठीच दिले असावे.

टॅपेटचे मात्र कानाने करावे. फट मोजायची पट्टी, म्हणजे फिलर गेज, नको, इंजिन थंड होण्याची वाट पाहणे नको. आवाज पूर्ण थांबेपर्यंत आवळत जावे. वाजणारा टॅपेट निदान सांगून वाजतो. घट्ट बसलेला मुकाट्याने व्हॉल्व्ह उघडा ठेवतो, कॉम्प्रेशन घालवतो आणि यथावकाश व्हॉल्व्ह जाळून दाखवतो, आणि शांततेची किंमत कुठेतरी मोजावीच लागते.

गाडी १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ या प्रदूषण मानकाची असेल, तर तिच्यात बहुधा कार्बोरेटरच नाही. तरीही तो शोधावा. शोधताना एखाद्या सेन्सरचा कप्लर सुटतो आणि मीटरवर पिवळा दिवा लागतो. त्यावर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ हे स्टिकर नेमके बसते.

शेवटी गाडी गॅरेजमध्ये न्यावीच लागेल. मेकॅनिक पहिला प्रश्न विचारेल, “घरी काही खोललं होतं का?” यावर “छे हो, आपोआपच झालं” असे सांगावे. त्याची नजर नव्याने ओरबाडलेल्या स्क्रूंवरून फिरेल, तिकडे दुर्लक्ष करावे. तो थेट त्या जोडाला हात घालेल, क्लॅम्प सरळ करून आवळेल आणि मग रेसचा स्क्रू मूळ जागी आणू लागेल. तिथे मात्र त्याला थांबवावे आणि “तेवढा राहू द्या, तो मी सेट केलाय” असे स्पष्ट बजावावे.