गाईचा टॅग

"अगं आई, ऐन दिवाळीतला काउ टॅग लागला!" असं मी फोनवर ओरडलो आणि चिपळूणची बाजू एकदम गप्प झाली. मग दबक्या आवाजात प्रश्न आला, "अरे, ऐन दिवाळीत गाय मारायला निघालास?"

खुलासा करायला अर्धा तास गेला. इकडे कोलोरॅडोत एल्कच्या मादीला काउ म्हणतात आणि नराला बुल. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ, नर तीनशे किलोंच्या पुढे. आणि टॅग म्हणजे शिकारीचा परवाना. प्राणी कोणता, नर की मादी, कुठल्या युनिटात म्हणजे शिकारीच्या हद्दीत, कोणत्या तारखांना, सगळं त्यावर छापलेलं. रेशनकार्डावर साखर लिहिली असेल तर रॉकेल मागायचं नाही, तसं. ही उपमा आईला पटली. "मग नर का नाही मागितलास?" एवढंच तिने विचारलं.

नर मागितला नाही तो शेजारच्या म्हातारबांमुळे. "शिंगं शिजत नाहीत," असं त्यांचं मत. हे गृहस्थ १९४८चे. कोलोरॅडोत १९४९च्या १ जानेवारीला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीआधी हंटर एज्युकेशनचं कार्ड काढावं लागतं. म्हातारबा थोडक्यात सुटले आणि ही गोष्ट दिवसातून एकदा तरी ऐकवतात. मी मात्र अभ्यास करून रीतसर पास झालोय. आमच्या घराण्यात बंदुकीचा असा अभ्यास करणारा मी पहिलाच. आजोबांची ठासणीची बंदूक माजघरात आढ्याला टांगलेली असायची. तिने त्यांनी एकच रानडुक्कर मारलं आणि त्याच्या चाळीस गोष्टी सांगितल्या. पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि घराण्यात नुसत्या गोष्टीच उरल्या.

तर एप्रिलमध्ये अर्ज, इथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर निकाल, आणि ऑक्टोबरच्या शेवटी, ऐन दिवाळीत, मी आणि म्हातारबा फोर्ट कॉलिन्सहून कॅमेरॉन पासचा घाट ओलांडून नॉर्थ पार्क नावाच्या खोऱ्यात उतरलो. बायकोने अभ्यंगस्नान चुकवल्याचा राग डब्यात भरून दिला होता. म्हणजे चकल्या होत्या, लाडू नव्हते.

रायफलच्या हंगामात अंगावर किमान ५०० चौरस इंच झगझगीत केशरी (किंवा गुलाबी) रंग लागतो, डोक्यावर टोपीसुद्धा. हा रंग हरणांना आपल्यासारखा दिसत नाही, माणसांना दिसतो. म्हणजे दसऱ्याच्या झेंडूसारखे सजून आपण रानात जायचं आणि रानाने आपल्याला पाहिलंच नाही असं समजायचं.

पहिल्या दिवशी सकाळी एका ओंडक्याआड मी अगदी खासगी कामासाठी बसलो होतो. रायफल झाडाला टेकवलेली, हातमोजे दातांत. मान वळवली तर वीस पावलांवर म्यूल डिअर या हरणाचा नर. शिंगं अशी की दोन्ही बाजूंना सदरे वाळत घालावेत. तो माझ्याकडे बघत रवंथ करत होता. मला उठताही येईना आणि बसवेनाही. कोलोरॅडोत १९९९पासून हरणाचा प्रत्येक टॅग सोडतीतूनच मिळतो, आणि मी हरणाचा अर्जच केला नव्हता. त्याला हे माहीत असावं. पाच मिनिटं थांबून, माझं निरीक्षण पूर्ण करून, शेपटी हलवत तो निघून गेला. ही हकीकत मी म्हातारबांना सांगितली, फक्त मी उभा होतो असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मूस भेटला.

मूस, हरणांच्याच कुळातला थोराड प्राणी, हा या भागातला तसा पाहुणाच. १९७८ साली युटातून काही आणून इथे नॉर्थ पार्कात सोडले. त्या पाहुण्यांनी असं बस्तान बसवलं की आज जवळचं वॉल्डन हे गाव स्वतःला कोलोरॅडोची मूसदर्शनाची राजधानी म्हणवतं. त्याचा टॅग मिळणं म्हणजे काय, हे मला म्हातारबांनी पहिल्याच वर्षी समजावलं होतं. आधी तीन वर्षं अर्ज करून नापास व्हायचं. त्याचे तीन पॉइंट जमतात. मग चौथ्या वर्षापासून तुमची चिठ्ठी खऱ्या सोडतीच्या डब्यात पडते, आणि पुढे नशीब. ग्रीन कार्डाच्या रांगेत अकरा वर्षं काढलेल्या माणसाला हे ऐकून घरी आल्यासारखं वाटलं होतं.

पायवाट विलोच्या झुडपांतून जात होती. गाडी पलीकडे दिसत होती. मध्ये तो. खांद्याशी सहा फूट, नाक म्हणजे लोंबता उशीचा अभ्रा, गळ्याखाली दाढी, आणि शिंगं दोन पराती उचलून धराव्यात तशी. हरीण माणूस दिसला की पळतं. मूस पळत नाही. तो एस.टी.च्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसासारखा असतो. तुम्हाला उतरायचंय हे त्याला दिसतं, पण त्याला ते पटत नाही.

"झाडामागे सरक," म्हातारबा कुजबुजले. "कान मागे टाकले आणि ओठ चाटायला लागला तर समज, अंगावर येणार."

पुढची चाळीस मिनिटं मी एका नर मूसच्या ओठांकडे ज्या एकाग्रतेने पाहिलं, तेवढ्या एकाग्रतेने व्हिसाच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याकडेही पाहिलं नव्हतं. हातात भरलेली रायफल, खिशात सरकारी कागद, आणि साडेचारशे किलोंच्या त्या धुडाच्या संदर्भात दोन्हींचा उपयोग शून्य. काळोख पडल्यावर तो आपणहून बाजूला झाला. जाताना विलोची एक फांदी मोडून तोंडात घेऊन गेला, पान लावून निघालेल्या पाहुण्यासारखा.

तिसऱ्या दिवशी थंडी उणे दहाच्या खाली. झाडं गोठलेली, वारा पडलेला, स्वतःच्या पापण्यांचा आवाज यावा अशी शांतता. मी जरा धीर यावा म्हणून डब्यातून एक चकली काढली आणि चावली.

बायकोची चकली खुसखुशीत असते, हा तिचा दोष नाही. पण त्या शांततेत कौलं फुटल्यासारखा आवाज झाला. आणि साठ पावलांवर, ज्याला मी इतका वेळ वाळकं झाड समजत होतो, त्या झाडाने मान वर केली. बुल एल्क. तोंडातून वाफ येतेय, मानेवरची आयाळ गोठलेल्या दवाने पांढरी झालेली. मी शिंगाची टोकं मोजली. डावीकडे सहा, उजवीकडे सहा. बारशिंगा या शब्दाचा इतका तंतोतंत हिशेब मी पहिल्यांदाच लावत होतो.

बोट आपोआप रायफलच्या सेफ्टीच्या खटक्याकडे गेलं, आणि सॅमसन आठवला. सॅमसन हा एस्टेस पार्क या गावाचा लाडका एल्क. १९९५ साली एका चोरट्या शिकाऱ्याने त्याला मारलं, आणि त्याच्या नावाने १९९८ साली कायदा झाला. एका बाजूला सहा टोकं असलेला नर बेकायदा मारलात तर नेहमीच्या दंडावर वेगळे १०,००० डॉलर. मी टोकं पुन्हा मोजली, कमी भरतील या आशेने. सहाच. बोट मागे घेतलं. अर्धी चकली तोंडात तशीच, ना गिळता येतेय ना चावता. ती विरघळेपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

आणि गाई? त्या शेवटच्या संध्याकाळी सापडल्या. चाळीस. एका रँचच्या कापलेल्या कुरणात, काटेरी तारेपलीकडे. इकडे खासगी जमिनीवर मालकाला विचारल्याशिवाय शिकारीसाठी पाऊल टाकता येत नाही, पाटी असो वा नसो. मालक गावाला गेलेला. आम्ही तारेला टेकून, वधूपक्षाच्या मंडळींसारखे, नुसते बघत उभे.

तेवढ्यात वन्यजीव खात्याची गाडी येऊन थांबली. अधिकाऱ्याने अदबीने माझा टॅग मागितला. प्राणी, मादी, युनिट, तारीख, हंटर एज्युकेशनचं कार्ड, जॅकेट, टोपी. मला धडधड. मुंबईतल्या पासपोर्टपासून इथल्या लायसन्सपर्यंत माझ्या एकाही अर्जात झेरॉक्स कमी नाही असं झालेलं नाही.

"सगळं अगदी बरोबर आहे," तो म्हणाला. "काही दिसलं का?"

मी म्यूल डिअर सांगितलं, मूस सांगितला, सहा बाय सहाचा बुल सांगितला. तो मान डोलावत ऐकत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा कागद पूर्ण निघाले होते, म्हणून आनंदाने मी डबा पुढे केला. शेवटच्या दोन चकल्या होत्या. त्याने एक उचलली, उलटसुलट बघितली आणि चावली.

तारेपलीकडच्या चाळीसच्या चाळीस माना वर झाल्या.