आधी ऐकून घ्या, मग ठरवा

पोलंडहून बर्लिनकडे येणारी गाडी ओडर नदीवरचा पूल ओलांडून फ्रँकफर्ट स्थानकात थांबते (मायन नदीकाठचे मोठे फ्रँकफर्ट वेगळे), तेव्हा अनेकदा डब्यात पोलीस चढतात. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली आहे. एकदा माझे निवासपत्र उलटसुलट पाहून पोलिसाने आभार मानून परत दिले. समोरच्या बाकावरच्या तरुणाकडे मात्र घड्या पडून मऊ झालेला एकच कागद होता, त्यामुळे त्याला खाली उतरवण्यात आले. गाडी सुटेपर्यंत तो फलाटावर उभा राहून त्या कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवून काहीतरी सांगत होता. त्याचे पुढे काय झाले ते मला कळले नाही, पण ती ओळ कोणीतरी वाचायला हवी होती, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

मायदेशी हा प्रसंग सांगितला की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. प्रत्येक देशाला आपली सीमा राखण्याचा अधिकार आहे, युरोपने नको तेवढी दारे उघडली आणि आता तो पस्तावतो आहे, आपण तरी ती चूक करू नये. सीमा राखण्याचा अधिकार मला पूर्ण मान्य आहे. परंतु आश्रय मागण्याचा हक्क म्हणजे राहण्याचा हक्क नव्हे, ही साधी गोष्ट ‘घुसखोर’ या एका शब्दाखाली दडपली जाते. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचे तेहतिसावे कलम मुख्यतः इतकेच सांगते की, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे जिथे एखाद्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे त्याला परत लोटू नये. धोका आहे की नाही, हे त्याला विचारल्यावाचून कळणार कसे? ऐकून घेतल्यावर अर्ज फेटाळता येतो, आणि युरोपात असे अर्ज मोठ्या संख्येने फेटाळले जातातही.

ही मर्यादा किती नेमकी आहे, ते त्याच स्थानकावरच्या एका खटल्यात दिसले. मे २०२५ मध्ये पोलंडमार्गे आलेल्या तीन सोमाली नागरिकांनी तिथे आश्रय मागितला आणि त्याच दिवशी त्यांना पोलंडला परत पाठवण्यात आले. २ जून रोजी बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली. त्यांच्या अर्जाची जबाबदारी कोणत्या देशाची, हे युरोपीय नियमांनुसार आधी ठरवले पाहिजे, त्याआधी त्यांना परतवता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. मात्र त्यांना देशात आत येऊ द्या, असे त्याने सांगितले नाही; ही प्रक्रिया सीमेवरच पार पाडता येईल, असे त्याच निकालात आहे. सरकारने हा निकाल त्या तिघांपुरताच मानला आणि परत पाठवणे चालू ठेवले, याचे मला दुःख आहे. तरीही ज्यांना हाकलले त्यांना न्यायालयात बोट ठेवायला कायदा होता.

आपल्याकडे तो कायदाच नाही. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकविषयक नव्या कायद्यातही निर्वासित ही वेगळी वर्गवारी नाही. १९५९ नंतर आलेले तिबेटी, १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेले सुमारे एक कोटी लोक, १९८३ नंतरचे श्रीलंकेतील तमिळ या सर्वांना आपण थारा दिला, याचा मला अभिमान आहे. पण तो सरकारी आदेशांच्या आधारे दिला, आणि आदेश बदलता येतो. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने तीन देशांतील सहा धर्मसमुदायांचा प्रश्न हाती घेतला. उद्या सीमेवर येणाऱ्याचे म्हणणे कोणी आणि कसे ऐकायचे, याबद्दल तो काहीच सांगत नाही. राज्यघटनेचे एकविसावे कलम मात्र ‘नागरिक’ न म्हणता ‘व्यक्ती’ म्हणते, आणि १९९६ मध्ये अरुणाचलात राहणाऱ्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारावर त्यांच्या जिवाचे रक्षण करण्याचा आदेश राज्याला दिला होता.

ऐकून न घेण्याची किंमत परकेच मोजतात, असेही नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात बांगलादेशी समजून पकडलेल्या पश्चिम बंगालमधील काही मजुरांना सीमेपार ढकलण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर परत आणावे लागले. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना हातापायांत बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले. त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. तेव्हा आपल्याला आलेला संताप रास्त होता. ते लोक विनापरवाना गेले होते हे ठाऊक असूनही, माणसाला असे वागवू नये, असेच आपण म्हणालो. तेच आपल्या सीमेवर उभ्या असलेल्या रोहिंग्या बाईबद्दल म्हणायला आपली जीभ का अडखळते?

शशी थरूर यांनी २०१५ मध्ये लोकसभेत आश्रयाविषयी एक अशासकीय विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. तो विषय पुन्हा सभागृहात यावा. अर्जदाराच्या भाषेतला दुभाषा, लेखी आणि सकारण निर्णय, त्याविरुद्ध अपील, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत परत पाठवण्यास मनाई, एवढे तरी त्यात असावे. सुरक्षेच्या कारणावरून नकार देण्याची तरतूद त्यात खुशाल ठेवावी, फक्त तो नकार कागदावर, सहीनिशी आणि त्या माणसाचे म्हणणे नोंदवून घेतल्यानंतर दिलेला असावा.