जामीन मंजूर झाला, माणूस मात्र आतच

आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या गटांत एक मजकूर फिरतोय: ‘तुरुंगात गरीब जास्त, कारण गुन्हे तेच करतात. कायदा सगळ्यांना सारखा. जामीन मिळतो, वकील सरकार फुकट देतं.’ माझ्या नात्यातल्यांनीही तो पुढं ढकललाय, म्हणून लिहितेय.

गुन्हे तेच करतात? 2022 च्या अखेरीस देशातल्या दर 100 कैद्यांपैकी सुमारे 75 जण कच्चे कैदी होते. त्यांच्यावरचा गुन्हा शाबितच झालेला नव्हता.

‘जामीन मिळतो’ हे वाचून मात्र पोटात कालवाकालव झाली. माझ्या चुलतभावाला मारामारीच्या केसमध्ये जामीन मंजूर झाला, 50,000 रुपयांचा जामीनदार द्यायचा होता. घरची जमीन अजून आजोबांच्याच नावावर, वाटणी झालेली नाही. थोरली बहीण चंदगड तालुक्यात दिलेली. दाजी सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पहिल्या एसटीनं आले. कारकुनानं कागद उलटून पाहिला आणि म्हणाला, ‘महाराष्ट्रातला चालत नाही, इथली पहाणी आणा.’ पहाणी म्हणजे कर्नाटकातला सातबारा. आमच्या माळावर उभं राहिलं की चंदगडची शिवारं दिसतात! भाऊ आणखी 19 दिवस आत राहिला. त्याच केसमधला दुसरा मुलगा, ज्याच्या वडिलांचं बाजारात दुकान आहे, त्याच रात्री घरी जेवला.

बरं, कायदा असं सांगतच नाही. 1978 च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याला जामीनदार राहायला आलेला त्याचा भाऊ, मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी तो नकार चुकीचा ठरवला. बाहेरचा जामीनदार किंवा दुसऱ्या भाषेतला कागद परत करायला कायद्यात आधार कुठाय, असंही विचारलं. सीमाभागातल्या प्रत्येक वकिलाला हा निकाल तोंडपाठ हवा.

फुकट वकिलाचं खरं आहे. 1987 च्या कायद्यानं कोठडीतल्या कुणालाही तो मागता येतो. पण वकील मिळाला म्हणून जामीनदार मिळत नाही, आणि दर तारखेला काकांची रोजंदारी बुडायची ती बुडालीच.

आणखी दोन गोष्टी आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हत्या. जामीनपात्र गुन्ह्यात, म्हणजे ज्यात जामीन हक्कानंच मिळतो, अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर त्या माणसाला गरीब धरून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडावं, असं कायद्यातच आहे. इतर केसमध्ये जामीन मंजूर होऊन महिना उलटला, तर न्यायालय आपणहून अटी सैल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सांगितलंय. ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी फुकट वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन हे बोलावं, आणि मोतीरामचं नावही घ्यावं.