जास्तीचं प्यादं आणि पावशेर कुंदा

गेली दोन वर्षं मी रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा जिंकलेला डाव बरोबरीत घालवतोय.

बेळगावात, टिळकवाडीत आमच्या गल्लीच्या कट्ट्यावर एक रिटायर्ड मामा पट मांडून बसतात. वजिराला वजीर गेला, घोडे-उंट संपले, की उरतं काय तर दोघांचा एकेक हत्ती आणि माझं एक जास्तीचं प्यादं. बघणाऱ्यांना वाटतं, झालं, आज मामा गेले.

मामा कुठले जातात! ते आपला हत्ती त्यांच्याकडून तिसऱ्या ओळीत आणून ठेवतात आणि चहा सांगतात. मग हत्ती नुसता इकडून तिकडे, तिकडून इकडे, माझ्या राजाला ती ओळ काही ओलांडता येत नाही, शेवटी वैतागून मी प्यादं त्या ओळीत ढकलतो की तोच हत्ती सर्रकन पटाच्या दुसऱ्या टोकाला आणि मागून शह. परत शह. परत शह. राजाने लपायचं कुठे, प्यादं तर पुढे निघून गेलेलं. फिलिडोर नावाच्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडूच्या नावाने हा बचाव ओळखतात, पण मामा म्हणतात, आमचे वडील असंच खेळायचे.

वर कट्ट्याचा नियम मामांचाच. हरला तो पावशेर कुंदा, म्हणजे आमची बेळगावची दुधाची मिठाई, आणणार. आणि बरोबरी झाली तर? ज्याचं प्यादं जास्त होतं तो. "तुला जिंकायला येत नाही, त्याचा दंड की रे."

म्हणून यूट्यूबवर लुसेना नावाची जिंकायची पोझिशन शिकलो. प्यादं वजीर व्हायला एक घर बाकी, आणि दारातच, त्या शेवटच्या घरात, आपला राजा उभा. समोरचा राजा मात्र आपल्या हत्तीच्या उभ्या पट्टीपलीकडे अडकलेला हवा, टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर माणूस स्कूटर बंद करून उभा असतो तसा. एक शह देऊन त्याला आणखी लांब घालवायचं, मग हत्ती आपल्याकडून चौथ्या ओळीत. आता राजा बाहेर काढायचा, शह खात खात एकेक पायरी उतरायची आणि शेवटी हत्ती मध्ये आडवा. याला पूल बांधणं म्हणतात. मजा म्हणजे लुसेना या स्पॅनिश खेळाडूच्या १४९७ च्या पुस्तकात ही पोझिशन नाहीच, ती आली १६३४ ला साल्विओ नावाच्या इटालियन खेळाडूच्या पुस्तकात. राबला एक, नाव दुसऱ्याचं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, आपल्या घरात काय वेगळं आहे?

आठ दिवस झोपेत पूल बांधले. आणि एकदाची ती पोझिशन आली! राजा दारात, प्यादं एक घर मागे, मामांचा राजा लांब. मी हत्ती चौथ्या ओळीत ठेवून ऐटीत मागे टेकून बसलो. मामांनी आपला हत्ती शेजारच्या पट्टीत नेला फक्त. मग माझ्या लक्षात आलं, प्यादं अगदी कडेचं होतं. राजाला बाहेर पडायला एकच बाजू, तिथे हत्ती उभा. पूल तयार, रस्ताच नाही.

"बिडो माराया," म्हणजे सोड रे बाबा, असं मामा कानडीत म्हणाले, "कुंदा आण जा."

आता मी वेगळाच उपाय काढलाय. वजीर गेले की जास्तीचं प्यादं सरळ मामांच्या हत्तीच्या तोंडात नेऊन ठेवायचं. परवा ठेवलं. मामांनी चष्मा वर केला, प्याद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि राजा एक घर बाजूला सरकवला.

"राहू दे की रे, तुझंच हाय ते."