‘ओके’ म्हणजे ‘झिरो किल्ड’? काका, नाही हो!

इंदूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर, पोहे-जिलबीच्या फोटोंच्या मधोमध, काकांनी परवा तो फॉरवर्ड पुन्हा टाकला: ‘ओके म्हणजे झिरो किल्ड. अमेरिकेच्या यादवी युद्धात एकही सैनिक न मेल्याच्या दिवशी छावणीच्या फळ्यावर तसं लिहीत. त्याआधी मूळ ग्रीक, ओला काला. म्हणून शुभकार्यात हा मरणाचा शब्द नको.’ खाली ढीगभर जोडलेले हात. आणि आत्याचं उत्तर: ‘ओके’.

आधी युद्धाचं बघू. ते पेटलं १८६१ साली. ‘ओ.के.’ छापून आलं २३ मार्च १८३९ ला, ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये. बावीस वर्षं आधी! आणि तिथे शेजारीच अर्थही दिलाय, ‘ऑल करेक्ट’. मग आद्याक्षरं ‘ए.सी.’ का नाहीत? कारण तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून (इथे ‘oll korrect’) त्याची आद्याक्षरं छापायची टूम निघाली होती. ‘ऑल राइट’चंही असंच ‘ओ.डब्ल्यू.’ करत. आजोबांच्या पत्रातलं ‘सा.न.वि.वि.’ आपल्याला माहीत आहे, पण ते सोवळ्यातलं. हे म्हणजे ‘सगळं ठीक’चं ‘शगळं थीक’ करून खाली ‘श.थी.’ लिहिण्यासारखं. निव्वळ टवाळी.

‘ओ.डब्ल्यू.’ विरलं आणि ‘ओ.के.’ टिकलं, ते १८४० च्या निवडणुकीमुळे. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन मूळचे न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूकचे, म्हणून ‘ओल्ड किंडरहूक’. त्यांच्या पाठीराख्यांनी ‘ओ.के. क्लब’ काढला. विरोधकांनी लगेच उठवलं की त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसे, म्हणून तेच कागदांवर ‘ओ.के.’ असा शेरा मारत. (म्हणजे या शब्दाबद्दलचे फॉरवर्डही तेव्हापासूनचेच.) व्हॅन ब्युरेन हरले, शब्द घरोघर गेला. ही सगळी कात्रणं खणून काढली कोलंबिया विद्यापीठाच्या ॲलन वॉकर रीड यांनी, १९६३-६४ मध्ये.

ग्रीकमध्ये ‘ओला काला’ म्हणजे ‘सगळं छान’, हे खरं. पण उच्चार जुळला म्हणून सोयरीक होत नाही. चिनी भाषेत ‘हाओ’ म्हणजे छान; म्हणून काय आपलं इंदुरी ‘हओ भिया’ चीनहून आलं?

यावर काकांचा शेवटचा बाण: ‘मग ट्रकवरचं हॉर्न ओके प्लीज? ते दुसऱ्या महायुद्धातलं, ऑन केरोसिन!’ ते युद्ध सुरू झालं १९३९ ला. शब्दाची तोवर शंभरी भरली होती.

असो. परवा चिंटूच्या मुंजीच्या पत्रिकेचा मजकूर आला होता. दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि खाली ‘ओके’ लिहून छापखान्यात पाठवला.