टॉर्च विझवा, पिल्लांना वाट दिसते

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथल्या किनाऱ्यांवर कासवांची अंडी फुटायचे दिवस आले की गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो: ‘कासवाच्या पिल्लांना अंधारात दिसत नाही. मोबाईलचा टॉर्च दाखवून त्यांना समुद्राकडे न्या, नाहीतर उचलून पाण्यात सोडा. टॉर्चला तांबडा कागद लावला की काही होत नाही.’ पाठवणाऱ्यांचा जीव पिल्लांसाठीच तुटतो, म्हणून हे खोडून काढणं जास्त गरजेचं आहे.

अंधारात दिसत नाही, हे साफ चूक. गोव्यात अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्लं बहुतेक वेळा रात्रीच वर येतात. वरची वाळू थंडावली की निघायची वेळ झाली, हे त्यांना कळतं. घारी-कावळे तेव्हा नसतात, वाळू भाजत नाही. मग ती बघतात क्षितिज. चंद्र नसला तरी ताऱ्यांच्या उजेडात समुद्राकडची बाजू उजळ आणि सखल दिसते, मागची सुरूची झाडं काळी आणि उंच. पिल्लू त्या काळोखाकडे पाठ करून चालू लागतं. समुद्री कासवांच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत दोन्ही डोळे झाकले तेव्हा त्यांना पाण्याची दिशा सापडली नाही. एकच झाकला तेव्हा ती गोल गोल फिरत राहिली. वाळूवर त्यांची सगळी भिस्त डोळ्यांवर असते.

टॉर्च घातक आहे तो याचमुळे. जवळचा झगझगीत दिवा क्षितिजाच्या मंद उजेडाला पुसून टाकतो आणि पिल्लं दिव्यामागे जातात. तुम्ही पाण्याच्या बाजूला उभे असलात तरी पाण्यात शिरलेली पिल्लं किनाऱ्यावरच्या उजेडाकडे परत ओढली जातात. या भटकण्यात पोटातल्या बलकाची शिदोरी संपते, आणि कुर्ल्या व कुत्रे टपलेलेच असतात.

उचलून सोडणंही नको. पाण्यात पिल्लं आधी लाटांना सामोरी पोहतात, पुढे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा धरतात. शास्त्रज्ञ केनेथ लोहमन यांनी १९९१ मध्ये लॉगरहेड या दुसऱ्या जातीच्या समुद्री कासवांच्या पिल्लांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र उलटं केलं, तेव्हा त्यांची पोहण्याची दिशाही उलटली. त्याच जातीत असंही दिसलं आहे की वाळूवर चालताना धरलेली दिशा पिल्लू पाण्यातही पाळतं. ते चालणं आपण का हिरावून घ्यायचं? शिवाय ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, परवानगीशिवाय हात लावूच नये.

तांबड्या प्रकाशाला पिल्लं कमी भुलतात, एवढं खरं. पण पांढऱ्या एलईडीवर कागद गुंडाळून बाकीचे रंग पुरते अडत नाहीत.

पिल्लं दिसली तर टॉर्च आणि फ्लॅश बंद करा, मागे सरा, त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे राहू नका. ती रस्त्याकडे वळली असतील तर जवळच्या शॅकवाल्याला (किनाऱ्यावरच्या खानावळवाल्याला) समुद्राकडचे दिवे विझवायला सांगा आणि वनरक्षकाला बोलवा.