चोकअप झाला की पहिला हात क्लॅम्पला नको

काँक्रीट पंपाच्या पाईपलाईनीत माल (काँक्रीट) अडकला, म्हणजे चोकअप झाला, की पोरं आधी पाईप जोडणारा क्लॅम्प उघडायला धावतात. काल परत तेच बघितलं म्हणून लिहितोय, जरा मोठं होईल पण साइटवर काम करणाऱ्यांनी वाचा.

बाराव्या मजल्याचा स्लॅब भरणं चालू होतं. पंप खाली, लाईन डक्टमधून वर आणलेली. मधेच माल यायचा थांबला. हेल्पर पाईपवर हातोडीने ठोकत आला, वरच्या बेंडपाशी (पाईपच्या वळणापाशी) भरीव आवाज आला तसा बसला थेट क्लॅम्पची पिन काढायला, तोंड अगदी जॉइंटसमोर. वय एकोणीस-वीस असेल. मी ओरडलो म्हणून थांबला. वॉकीटॉकीवर ऑपरेटरला विचारलं रिव्हर्स मारला का, म्हणजे पंप उलटा चालवून दाब उतरवला का, तर म्हणे साहेब मागे दोन टीएम (काँक्रीट आणणारे ट्रान्झिट मिक्सर ट्रक) उभेत, टाइम कुठाय!

अरे, गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. आपला साधा स्टेशनरी पंपसुद्धा 70 बारपर्यंत सहज जातो, आणि चोकअप झाल्यावर तो दाब लाईनीत तसाच कोंडलेला असतो. तिथं पिन निघाली तर खडी गोळीसारखी तोंडावर येते. खालचा बेंड असता तर आणखी वाईट, कारण पाच इंची पाईपात मीटरला साधारण 30 किलो माल बसतो, म्हणजे बारा मजल्याच्या उभ्या लाईनीत टनभर माल डोक्यावर लटकतोय आणि तुम्ही खालून जॉइंट उघडताय.

आधी रिव्हर्सचे तीन-चार स्ट्रोक, दाबाचं गेज शून्यावर आल्याची खात्री, मग बाजूला उभं राहून क्लॅम्प. परत चालू करताना तर जास्त जपायचं, लाईनीत हवा अडकलेली असते, ती सुटली की शेवटचा रबरी होज असा फटका मारतो की धरणारा माणूस स्लॅबवरून खाली जाऊ शकतो. माल सलग यायला लागेपर्यंत होजजवळ कोणी नको म्हणजे नको.

आणि चोकअप आभाळातून पडत नाही हो. माल घट्ट वाटला की टीएममध्ये पाणी सोडायचं ही जी सवय आहे ना तिचा मला मनापासून राग आहे. पाण्याने स्लरी (सिमेंटचा पातळ घोळ) पुढं पळते, खडी मागे राहते आणि बेंडमध्ये अडकते, शिवाय स्लॅबची ताकद जाते ती वेगळीच. नाहीतर सिमेंटच्या ग्राउटने प्रायमिंग न करताच, म्हणजे लाईन आतून ओली न करताच, माल सोडतात, किंवा जॉइंटमधलं रबर फाटलेलं असतं आणि तिथून स्लरी गळत राहते. उंचीचं कारण तर सांगूच नका, बुर्ज खलिफाला 2008 मध्ये 606 मीटरपर्यंत काँक्रीट पंपाने चढवलंय.

काल अर्धा तास गेला. दाब उतरवून बेंड काढला तर आत नुसती खडी, धुतल्यासारखी, सिमेंटचा मागमूस नाही. ती हातात घेऊन त्या पोराला दाखवली आणि त्याने पहिल्यांदा विचारलं, साहेब, रिव्हर्स मारल्यावर गेज किती दाखवायला पाहिजे?